बेळगाव-चंदगड सीमेवरच्या ग्रामपंचायतींची तुलना करायचीय, आकडे कुठनं घेऊ?

वेंगुर्ला_रोड:

नमस्कार मंडळी. मी एम.ए. इकॉनॉमिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रोडच्या बाजूला. डेझर्टेशनला विषय असा घेतलाय की सीमेच्या अलीकडची गावं (बाची, तुरमुरी, उचगाव ही बाजू) आणि पलीकडची (शिनोळी, तुडये, म्हणजे महाराष्ट्रातला चंदगड तालुका) यांच्यात 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून काय फरक पडला. माती तीच, पाऊस तोच, पीक भात नि रताळी, दोन्हीकडचा रताळ्याचा ट्रॅक्टर बेळगावच्या एपीएमसीतच जाऊन थांबतो, बोलणं मराठी, सोयरीक तर विचारूच नका, आमच्या दोन आत्या तिकडं दिल्यात. फरक एकच, सरकार वेगळं. म्हणून मला वाटलं सरकारी धोरणानं गावाचं काय होतं हे बघायला यापेक्षा भारी जागा मिळणार नाही.

गाईड मॅडमना विषय आवडला पण त्यांचा पहिला प्रश्न, डेटा कुठाय? सेन्सस 2011 चा, तो आता किती जुना झाला, पुढचा 2027 चा, तोवर माझी पदवी होऊन लग्न पण झालेलं असेल. एका पंचायतीत गेलो तर पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) मीटिंगला, परत गेलो तर परत मीटिंगला, तिथला क्लार्क म्हणाला सगळं ऑनलाईन हाय बघ की. ऑनलाईन बघितलं तर एवढं आहे की कुठनं धरायचं कळंना. कुणी असलं काम केलंय का? नेमकं काय मोजू? आणि "कुठलं राज्य चांगलं" हे सिद्ध करायला निघालोय असं कृपया समजू नका, घरात त्यावरनं आधीच भांडणं झालीत.

कुंदाप्रेमी:

भावा विषय एकदम भारी. पण व्हायवाला बाहेरनं येणारा परीक्षक कोण येतोय ते बघून मग निष्कर्ष लिही 😄

आकडेमोड:

विषय चांगला आहे पण एक गोष्ट आधी नक्की करा, नाहीतर सगळं मुसळ केरात. तुम्ही तुलना कशाची करणार, गावाची की ग्रामपंचायतीची? महाराष्ट्रात साधारण 28 हजार ग्रामपंचायती आहेत आणि कर्नाटकात 6 हजारांच्या आसपास. म्हणजे कर्नाटकातली पंचायत ही बहुतेक ठिकाणी तीनचार गावांची मिळून असते, कायद्यातच 5 ते 7 हजार लोकवस्तीचा हिशोब धरलाय (डोंगराळ भागाला सूट आहे), आणि दर 400 लोकांमागं एक सदस्य. महाराष्ट्रात हजार-बाराशे वस्तीच्या गावाला पण स्वतःची पंचायत असते, सदस्य 7 ते 17. त्यामुळं तुम्ही शिनोळीच्या बाजूची एक पंचायत उचलली आणि आपल्या बाजूची एक उचलली आणि "इकडं उत्पन्न तिप्पट" असं लिहिलं तर त्यात राज्याच्या धोरणाचं काही नसतं, इकडं गावंच जास्त असतात एवढंच. आधी वहीत लिहून काढा की तुमच्या यादीतलं कुठलं गाव कुठल्या पंचायतीत येतं, त्या पंचायतीचं ऑफिस कुठल्या गावात आहे. हे ऑफिस ज्या गावात असतं तिथला रस्ता नि गटार आणि त्याच पंचायतीतल्या शेवटच्या वाडीचं गटार यातला फरक कधीकधी दोन राज्यांतल्या फरकापेक्षा मोठा निघतो, हा तर स्वतंत्र विषय होईल.

दुसरं, पैसे. लोक ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जातात (2020 मध्ये सुरू झालं, राज्य-जिल्हा-तालुका निवडत पंचायतीपर्यंत जाता येतं, व्हाउचर पण दिसतात) आणि तिथला 15 व्या वित्त आयोगाचा (केंद्राकडनं पंचायतींना आलेला 2021-26 चा निधी) आकडा उचलतात. ते पैसे मुख्यतः लोकसंख्येवर वाटले गेले, त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले, 40 टक्के मोकळे. दोन्ही राज्यांत नियम तोच. म्हणजे तुम्ही त्याची तुलना केली तर फिरून लोकसंख्याच मोजली, हाती काय? सीमेनं जिथं खरंच फरक पडू शकतो ते म्हणजे पंचायत स्वतः काय गोळा करते. घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळे, बाजार कर. तिथं पंचायतीची ताकद पण दिसते नि लोकांचा विश्वास पण. माझं मत विचाराल तर बाकी सगळं सोडा आणि घरपट्टीवरच डेझर्टेशन करा.

वेंगुर्ला_रोड:

सर घरपट्टी फारच छोटा विषय नाही का होत? मला शाळा, दवाखाना, रोजगार सगळं घ्यायचं होतं.

आकडेमोड:

सगळं घेणारे खूप आहेत, त्यांचं कुणी वाचत नाही. शाळा-दवाखान्याचं सेन्ससच्या गाव निर्देशिकेतनं घ्याल, तिथं गावात सोय नसेल तर अंतर ए, बी, सी असल्या अक्षरात दिलेलं असतं, 5 किमीच्या आत, 5 ते 10, 10 च्या वर. सीमेवरच्या गावाला सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल बेळगावात, मग तो दवाखाना कुणाच्या सरकारच्या खात्यात मांडणार? शिनोळीचा माणूस पण बेळगावलाच येतो. घरपट्टीचं तसं नाही, ती ज्याच्या हद्दीत घर त्यालाच.

तांबडी_माती:

मी पलीकडच्या बाजूला, चंदगड तालुक्यात ग्रामसेवक म्हणून नोकरी करून रिटायर झालोय, माहेर बायकोचं तुमच्याकडं, त्यामुळं दोन्हीकडचं बघितलंय. घरपट्टी म्हणजे काय सांगू बाळ, लोक घरपट्टी कधी भरत्यात तर दाखला पायजे आसला की. कर्ज काढायचं, पोराला रहिवासी पायजे, घर नावावर करायचं, निवडणुकीला उभा राहायचं (थकबाकीदार आसला तर अर्ज उडतोय) तवा मागची चारपाच वर्साची एकदम भरत्यात. त्यामुळं वसुलीचा आकडा एका वर्साचा घिऊ नको, निवडणुकीच्या वर्सी वसुली फुगलेली दिसंल आणि तू लिवशील की कारभार सुधारला. पाच वर्सं धर, मागणी किती, वसुली किती, थकबाकी किती, तिन्ही खानं वेगवेगळं.

आमच्याकडं 2015 च्या शेवटाला नियम बदलला, आधी चौरस फुटावर पट्टी होती ती भांडवली मूल्यावर गेली, बांधकाम कसलं, किती जुनं, रेडीरेकनरचा दर काय, त्यावरनं. कागदावर. खाली काय झालं तर फेरआकारणी करताना गावात कोण वाईट हुईल, म्हणून बऱ्याच जागी जुनाच आकडा थोडा वाडवून चालवला. दोन मजली स्लॅबचं घर आणि रजिस्टरला "माती, कौलारू". हे तू ऑफिसात बसून बघणार न्हाईस. नमुना 8 चा (घरांच्या आकारणीचा) उतारा हातात घे नि गल्लीतनं चाल, धा घरं बघ, कळतंय.

कुंदाप्रेमी:

काका आमच्याकडं पण तेच हाय की. उताऱ्याला खुली जागा, वर तीन मजलं.

तांबडी_माती:

मग फरक कुठं पडतोय तेच बघायला पोरगं निघालंय न्हवं.

पुण्यात_बेळगावकर:

सीमेची दोन्ही बाजू घेऊन धोरण तपासायचं हे तंत्र जुनं आणि मान्य आहे, गाईडना तसं सांग. अमेरिकेत 1992 ला न्यू जर्सीनं किमान वेतन 4.25 डॉलरवरून 5.05 केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही, मग डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची मिळून 410 फास्टफूडची दुकानं बघितली, वेतन वाढवल्यानं नोकऱ्या गेल्या का? गेल्याचं दिसलं नाही. 1994 चा तो पेपर, कार्डना 2021 चं नोबेल मिळालं. आपल्याकडं पण दक्षिणेतल्या चार राज्यांत ग्रामसभांवर असं काम झालंय, 1956 च्या पुनर्रचनेत जी सीमा आखली गेली तिच्या दोन्ही अंगाला एकाच भाषेचे तालुके निवडून. म्हणजे तुझी कल्पना अगदी हवेतली नाही.

पण तिथं आणि इथं एक फरक आहे, आणि बाहेरचा परीक्षक पहिल्यांदा त्याच्यावरच बोट ठेवणार. या तंत्राला अलीकडं एक सरकार नि पलीकडं दुसरं असं स्वच्छ लागतं. आपल्या सीमेवर दोन्ही सरकारं एकमेकाच्या ताटात हात घालतात. महाराष्ट्राचा दावा 865 गावांवर, 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि 2023 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जनआरोग्य योजना त्याच 865 गावांना लागू केली, त्यावर कर्नाटकानं आक्षेप घेतला. सीमाभागातल्या पोरांना महाराष्ट्रातल्या कॉलेजात जागा असतात, तू स्वतः बघितलं असशील. उलट्या बाजूनं, चंदगडच्या माणसाची शेती, बाजार, हॉस्पिटल, लेकीचं लग्नाचं सोनं सगळं बेळगावात. म्हणून आरोग्य, शिक्षण, उत्पन्न असलं काही मोजलंस तर दोन्ही सरकारांचा परिणाम मिसळलेला मिळेल. आकडेमोड यांनी घरपट्टी सांगितली ती यासाठीच बरी, तिच्यात दुसऱ्या सरकारला हात घालता येत नाही.

आणि बेळगाव शहर. ते जसजसं पश्चिमेला सरकतंय तसं हिंडलगा, सुळगा, उचगाव या बाजूच्या जमिनीचे भाव शहराकडं बघून ठरतात. तुझी कर्नाटकातली गावं शहराजवळ, महाराष्ट्रातली लांब. घरपट्टी जास्त आली तर ती कर्नाटक सरकारमुळं की शहरामुळं? यावर उपाय म्हणजे शहरापासनं साधारण सारख्या अंतरावरची गावं घे. बाची आणि शिनोळी चालतील, हिंडलगा अजिबात घेऊ नको.

खानापूरकर:

नुसतं वेंगुर्ला रोड म्हणजे सीमाभाग नव्हे हो. इकडं कणकुंबी-जांबोटी बाजूला या, पावसात चार महिने काय हाल असतात बघा, तिकडं गोवा लागतो, तिसरंच राज्य. निपाणीकडं तंबाखू नि ऊस, तिथला हिशोब परत वेगळा. तालुक्याची, जिल्ह्याची सरासरी काढणाऱ्यांनी आमची वाट लावलीय. कर्नाटकात 2002 ला नंजुंडप्पा समितीनं 175 तालुक्यांची यादी केली, 114 मागास ठरवले, त्यातले 39 अतिमागास, आणि पुढची कितीतरी वर्षं निधीचं भांडण त्याच यादीवर चाललं. पण घटक काय, तालुका. बेळगाव तालुक्याच्या सरासरीत अख्खं शहर बसलंय, मग पश्चिमेच्या गावाचं काय कळणार. तिकडं महाराष्ट्रात दांडेकर समितीनं 1984 ला अनुशेष काढला तो जिल्ह्याजिल्ह्यानं, कोल्हापूर जिल्हा म्हटलं की ऊस नि साखर कारखाने डोळ्यासमोर येतात, चंदगड कुणाला दिसतो? दोन्ही राज्यांच्या राजधानीला ही पट्टी सरासरीखाली दडलेली बरी वाटते असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाला राग आला तर येऊ दे.

वेंगुर्ला_रोड:

हे नंजुंडप्पा-दांडेकर पहिल्या प्रकरणात घालतो, थँक्यू. आणि रोजगार हमीचं काय? मला वाटलेलं तिथं फरक सरळ दिसेल, 2025-26 ला कर्नाटकाचा दर 370 आणि महाराष्ट्राचा 312, एका ओढ्याच्या अंतरावर 58 रुपयांचा फरक.

आकडेमोड:

दरात फरक आहे, पण दर जॉबकार्ड कुठलं त्यावर मिळतो. पलीकडचा माणूस इकडं येऊन उद्योग खात्रीवर (रोजगार हमीचं इकडचं नाव) काम करू शकत नाही. मग प्रश्न असा होतो की या 58 रुपयांमुळं शेतातली मजुरी इकडं वाढली का. आणि ती तर एकच आहे.

रताळ्याची_राणी:

एकच आहे म्हणजे काय, अगदी एकच आहे. आमच्या गल्लीतल्या बायका रताळी काढायला तिकडच्या शेतात जातात, तिकडच्या इकडं येतात, सकाळी वडाप भरून, मुकादम बाई फोनवर ठरवते आणि तो दर दोन्ही गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतो. सरकारच्या दराकडं बघून कुणी दर ठरवत नाही, काढणी एकदम आली की दर वर, पाऊस लांबला की खाली. बस मात्र बघण्यासारखी आहे. कर्नाटकाच्या बसला जून 2023 पासून बायकांना फुकट, तेही आधार दाखवून, राज्याच्या आत. महाराष्ट्राच्या एस.टी.त मार्च 2023 पासून अर्धं तिकीट. त्यामुळं आमच्यातल्या शहाण्या बायका बेळगावच्या बस्टँडवर उभं राहून कुठली गाडी कुठपर्यंत फुकट, पुढं अर्धं कुठनं, असा हिशोब तोंडी करतात, तुमच्या एम.ए. वाल्यांना जमणार नाही. हे पण घ्या की अभ्यासात, कायम पुरुषांच्या नावावरची घरंच का मोजायची? गृहलक्ष्मीचे 2000 इकडं आणि लाडक्या बहिणीचे 1500 तिकडं, हा पैसा घरात कुणाच्या हातात राहतो ते विचारा एकदा.

पुण्यात_बेळगावकर:

रताळ्याची राणी यांचा मुद्दा फार चांगला आहे, पीएचडीला ठेव. डेझर्टेशनला एवढं सगळं घेतलंस तर वर्ष वाया जाईल. पण घरपट्टीच्या रजिस्टरमध्ये मालक स्त्री की पुरुष हा खाना घाल, फुकटात मिळतो तो.

वेंगुर्ला_रोड:

ठरलं, घरपट्टी. आता सांगा रजिस्टर मिळवायचं कसं, पीडीओ तर मीटिंगमध्येच आहेत 😅

आकडेमोड:

आपल्याकडं करवसुलीची नोंद राज्याच्या पंचतंत्र सॉफ्टवेअरमध्ये असते, मालमत्तेचा उतारा ई-स्वत्तूवर, नमुना 9 आणि 11. तिकडं नमुना 8 नि 9. नाव सारखं म्हणून फसू नका, आपला 9 म्हणजे मालमत्तेचा उतारा, तिकडचा 9 म्हणजे मागणी-वसुलीचं रजिस्टर. तक्ता बनवताना रकाने आपल्या नावानं पाडा, नमुन्याच्या नंबरानं नको. आपल्याकडच्या पावतीत घरपट्टीबरोबर सेस पण असतात, लायब्ररीचा वेगळा, भिकारी प्रतिबंधाचा वेगळा (होय, असा सेस आहे), ते पंचायतीचं उत्पन्न नाही, पुढं जातं. एकूण रकमेची तुलना केलीत तर कर्नाटक उगाच फुगलेलं दिसेल. सेस वजा करून घ्या.

आणि 2011 च्या सेन्ससशी जोडायचं असेल तर गावाचा कोड लागेल, सेन्ससचा कोड नि एलजीडीचा (सरकारची गावं-पंचायतींची ऑनलाईन यादी) कोड वेगळा असतो, नावावरनं जोडू नका, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकेका गावाची तीन रूपं आहेत. 1991, 2001, 2011 गावपातळीवर जोडलेला श्रग नावाचा डेटा फुकट मिळतो, जुना काळ त्यातनं घ्या.

कुंदाप्रेमी:

आरटीआय टाक की सरळ.

तांबडी_माती:

आरटीआय शेवटाला. आधी टाकलास की सगळी सावध हुत्यात, मग पुढं चहा पण न्हाई मिळणार. टाकायची पाळी आलीच तर एका अर्जात एकच विषय नि 150 शब्दांच्या आत, दोन्ही राज्यांत हाच नियम हाय, धा रुपये फी, तुमच्याकडं पोस्टल ऑर्डर, आमच्याकडं कोर्ट फी स्टॅम्प चालतोय. पाच वर्साचं मागणी-वसुली-थकबाकी येवढंच माग. "सर्व कागदपत्रे" असं लिवलास की उत्तर येतंय "ऑफिसात येऊन बघा".

रताळ्याची_राणी:

जमाबंदीला जा! आमच्या पंचायतीत दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होते, वर्षाचा जमाखर्च लोकांपुढं मांडावाच लागतो, केलेली कामं जागेवर जाऊन बघायची असतात. येतात किती लोक, ठेकेदार, सदस्य नि चहावाला. मी बचतगटाच्या बायकांना घेऊन गेलेले तर खुर्च्या कमी पडल्या म्हणून सगळे घाबरले 😂 रजिस्टर टेबलावर असतं, हातात घेऊन बघता येतं, कुणी नाही म्हणू शकत नाही त्या दिवशी. कन्नडमध्ये असतं सगळं, वाचता येत नसेल तर कुणाला तरी बरोबर घे.

वेंगुर्ला_रोड:

कन्नड वाचता येतं, शाळेत दहावीपर्यंत होतं की. जमाबंदीचं माहीतच नव्हतं, गावात राहून. तांबडी माती काका, पलीकडच्या एका पंचायतीत तुमच्या ओळखीनं नमुना 9 बघायला मिळेल का, थकबाकीदारांची नावं मी घेणार नाही, नुसते आकडे.

तांबडी_माती:

मिळंल. पण मार्च सोडून ये, मार्चला वसुलीच्या गडबडीत कुणाला मान वर कराय सवड नसती. आणि येताना दोन आत्यांच्या घरची घरपट्टी भरलीय का तेवढं विचारून ये, न्हाईतर पैल्या पानालाच पावणे सापडायचे.